चौऱ्याऐंशी एक्क्याऐंशी

उद्यमनगरात, पहिल्या मजल्यावर,
खालच्या गिअरवाल्यानं शटर ओढलं
की माझं काम सुरू होतं.
दिवसा सर्व्हर चालतो,
पण काकवी ओतल्यासारखा.

जहाज उद्या न्हावाशेव्याला लागणार.
आजचा दिवस संपायच्या आत
बिल ऑफ एंट्री गेली पाहिजे,
नाहीतर दंड, तोही रोजावर.
माल कुंतीनाथ मगदूम यांचा, शिरोली, फौंड्री.
तैवानहून सहा पेट्या.
पाच पेट्यांची काही भानगड नाही.
सहावीत एक पितळी वस्तू,
मुठीएवढी, तीन भोकांची, चोवीस नग.
इन्व्हॉइसवर नुसतं : सुटा भाग.

यंत्रं बहुतेक सगळी चौऱ्याऐंशीव्या प्रकरणात येतात.
बॉयलर, पंप, शिलाई मशीन, लेथ.
लक्ष योनींचा हा आकडा
जकातवाल्यांना कुणी सांगितला कोण जाणे.
तिथं पुढचा जन्म कर्मावर,
इथं पुढच्या सहा आकड्यांवर.
चौऱ्याऐंशी चौऱ्याहत्तर म्हटलं तर यंत्राचा अवयव,
चौऱ्याऐंशी एक्क्याऐंशी म्हटलं तर झडप.
पैशात फरक थोडा,
पण चुकलं तर
मी खोटं बोलले असा कागद निघतो.

म्हणून दुपारी शिरोलीला गेले होते.
बाबालाल मिस्त्रींनी तेलकट चिंधीतून
जुना नग काढला.
"ह्यो व्हय? ह्यो कावळा."
म्हणजे?
"वाळू मारून झाली की आत हवा कोंडत्या.
ह्येनं सोडायची. सोडली की वरडतोय. ऐका."
त्यांनी नळी जोडली.

काव.

शेडमधलं एकही माणूस वळलं नाही.
मी तेवढी दचकले.
"दिसाला चारशे येळा.
न्हाई वरडला तर समजायचं, कोअर गेला."

हवा सोडतो. म्हणजे झडप. एक्क्याऐंशी.

रात्री डोंगल लावला.
ओटीपी आला, शिळा झाला, पुन्हा आला.
मालाचं वर्णन या रकान्यात
गंमत म्हणून 'कावळा' टाइप केलं.
लाल अक्षरं : अवैध वर्ण.
खोडलं. साहेबी भाषेत झडप लिहिली,
पितळी, हवा झटकन सोडणारी.
सही. जमा.
अकरा चाळीस.

तिसऱ्या दिवशी शंका आली.
हल्ली अधिकारी दिसत नाही.
चेन्नईत बसलाय की कोलकात्यात, तेही कळत नाही.
एका ओळीत विचारतो :
वस्तूचं कार्य स्पष्ट करा.
कॅटलॉग पाठवला, नकाशा पाठवला,
मगदूमांचं शिक्क्याचं पत्र पाठवलं.
प्रलंबित.
चहा पिऊन आले.
प्रलंबित.

पप्पांच्या दहाव्याला असेच बसलो होतो, घाटावर.
कावळे होते, हवे तेवढे, वर झाडात.
एक शिवेना.
भाऊ म्हणाला, आईला अंतर देणार नाही.
मी म्हणाले, नोकरी सोडणार नाही.
ऊन चढलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा वळायला घेतला,
तेव्हा काका उठता उठता पुटपुटले,
"आन्ना, तुजी लूना भंगारात घालणार न्हाई."
दोन उतरले. भांडतच.

मी उत्तराचा रकाना पुन्हा उघडला
आणि कॅटलॉगात नव्हतं ते लिहिलं :
हवा सुटताना हिचा आवाज कावळ्यासारखा येतो.
कामगार तिला आवाजावरून ओळखतात.
दिवसाला चारशे वेळा.
ओरडली नाही तर काम बिघडलं असं समजतात.
पाठवलं. मग लाज वाटली.

चाळीस मिनिटांनी : मंजूर.
कशानं, ते सांगता येणार नाही.
कदाचित जेवून आला असेल.

ट्रक शुक्रवारी कराड सोडून खाली आला.
शनिवारी सकाळी फोन.
पलीकडे कुणी बोललं नाही, नुसतं
काव.
मग बाबालाल मिस्त्री,
"नवा हाय. बारीक वरडतोय अजून."